वीज परत करणाऱ्या बाई

बाईंनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'बोर्ड'. "बोर्ड, चहा निवतोय." "बोर्ड, तुमचा टॉवेल वाऱ्यानं कर्दळीत जाऊन पडलाय." पोस्टमनला त्या 'टपाल' म्हणत आणि तलाठ्याला 'सातबारा'. एकदा न राहवून मी विचारलं, की बाई, आईवडिलांनी मला चांगलं नाव ठेवलंय, ते का वापरत नाही? तर म्हणाल्या, "तुमची बदली होणार. तुमच्या जागी दुसरा येणार. खातं इथंच राहणार. मी एकदाच काय ते पाठ केलंय."

साठच्या दशकातली गोष्ट. मी वीज बोर्डात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकता चिकटलो होतो आणि पहिलीच नेमणूक लोणावळ्याला झाली होती. बरोबर एक ट्रंक आणि एक वळकटी. गावात बंगले पुष्कळ, पण ते मुंबईच्या शेटजींचे. वर्षातून चार दिवस उघडायचे आणि एरवी माळ्याच्या कोंबड्या त्यात राहायच्या. भाड्याची खोली काही मिळेना. शेवटी कचेरीतल्या एकानं सांगितलं, वलवणला एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांच्या मागच्या अंगणात खोली आहे, पण त्या परीक्षा घेतात.

परीक्षा खरंच घेतली. बाई पुण्यातल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असत. लग्न केलेलं नव्हतं. भावानं बांधलेलं कौलारू घर भावामागं त्यांच्याकडं आलं होतं. ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घरातले दिवे गेले, तर आधी काय कराल?" मी छाती काढून सांगितलं, मेन स्विच बंद करून फ्यूज तपासीन. "खोटं," बाई म्हणाल्या, "आधी काड्यापेटी शोधाल. पुस्तकातलं उत्तर पटकन सांगता, म्हणजे नोकरी टिकेल तुमची. खोली घ्या."

बाईंचा वेष बघून नवखा माणूस दचकायचा. अंगावर स्वच्छ नऊवारी, पायांत भावाचे जुने गमबूट, आणि पावसाळ्यात डोक्यावर इरलं. भात लावणाऱ्या बाया पळसाच्या पानांचं जे इरलं पाठीवर घेतात ना, तेच. बँकेत जायचं असो की देवळात, बाई इरल्यात. गावातल्या शिकल्यासवरल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. "छत्री घेतली की एक हात कायमचा रजेवर," त्या म्हणत. "मला दोन्ही हात कामाला लागतात."

वाया घालवणं हा त्यांच्या शब्दकोशातला सर्वांत वाईट शब्द होता. भाताला दोन उकळ्या आल्या की पातेलं चुलीवरून उतरवून त्या गोधडीत गुंडाळायच्या आणि लाकडी खोक्यात ठेवून द्यायच्या. आतल्या आत भात शिजायचा, आणि फार छान मोकळा शिजायचा. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पुढं माझ्या बायकोला तीच युक्ती शिकवायला गेलो, तर तिनं मला गोधडीसकट बाहेर काढलं.

आणि वाटीचं प्रकरण. शेजारणीनं वाटीत काही दिलं तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याकडं घरोघर पाळतात. बाई ते धर्मासारखं पाळायच्या. शेजारच्या वहिनींनी वाटीभर खीर पाठवली की दुसऱ्या दिवशी वाटीत काहीतरी जायचंच. घरात काही नसलं तर अंगणातलं लिंबू, तेही नसलं तर तुळशीच्या मंजिऱ्या. एकदा वाटीत दोन खिळे गेले. वहिनी गोंधळून विचारायला आल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या मागच्या दाराची फळी लोंबतेय. मला रोज दिसते." वहिनींनी कपाळाला हात लावला, पण संध्याकाळी त्या घरातून हातोडीचा आवाज आला.

हे मी एवढं सांगतो, कारण बाईंनी बोर्डाशी जो काही व्यवहार केला तो याच वाटीच्या हिशेबानं केला. आमच्या मोठ्या साहेबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

झालं होतं असं. बाईंच्या घरामागून एक ओढा वाहायचा. उन्हाळ्यात त्याच्या डोहात थोडंसं पाणी असे. ते वर चढवून पेरू-लिंबाच्या झाडांना घालायला बाईंनी मोटर बसवली होती, बोर्डाच्या रीतसर जोडणीवर. पण पावसाळ्यात मावळातला ओढा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रात्रंदिवस धो-धो. बाई ओसरीवर बसून ते पाणी बघायच्या आणि तळमळायच्या. वलवणच्या धरणाकडं हात करून म्हणायच्या, "ते पाणी घाट उतरून जातं आणि मुंबईत दिवे लावतं. मग माझ्याच ओढ्यानं काय पाप केलंय? त्याला कुणी शाळेत घातलं नाही, एवढंच ना?"

म्हणून बाईंनी ओढ्याला शाळेत घातलं. मी राहायला गेलो त्या उन्हाळ्यात घरामागं सुताराची ठोकठाक चालूच होती. सागवानी आरे, तेलाचे डबे कापून केलेल्या, पाणी झेलणाऱ्या पन्हळी, असं पुरुषभर उंचीचं चाक तयार झालं. घाटात कोसळलेल्या एका ट्रकचा गिअरबॉक्स बाईंनी सोमाटण्याच्या गॅरेजातून घासाघीस करून आणला. गॅरेजवाला विचारत होता, "बाई, ट्रक घेतलाय का?" बाई म्हणाल्या, "नाही, ओढा घेतलाय." चाक सावकाश फिरायचं, गिअरबॉक्स तो वेग वाढवायचा आणि एका लांब पट्ट्यानं तो मोटरीला पोचायचा. त्याच मोटरीला, जी उन्हाळ्यात पाणी ओढायची.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण भिऊ नका. अशा मोटरीला वीज दिली की ती फिरते. उलट कुणी तिला तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा जरा जास्त पळवलं, तर ती वीज घ्यायची सोडून तारेत वीज ढकलू लागते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. प्रत्यक्षात कुणी, तेही नऊवारी आणि गमबुटात, असं करील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पाऊस नीट बसल्यावर बाईंनी मला मीटरसमोर उभं केलं. जुना मीटर वळवाच्या कडकडाटात जळल्यामुळं मीच नुकता नवा बसवला होता. त्यातली चकती उजवीकडं मजेत फिरत होती. "बघत राहा," म्हणाल्या आणि इरलं घेऊन ओढ्याकडं गेल्या. तिथं चाकावर पाणी आणणाऱ्या पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी एक फळी होती, ती त्यांनी बोटभर उचलली. चकतीचा वेग कमी झाला. आणखी बोटभर. चकती रेंगाळली. मग ती थांबली, तिच्यावरची लाल खूण अगदी माझ्या डोळ्यांसमोर. आणि मग हळूच, लाजल्यासारखी, उलटी फिरू लागली.

बाई चिखलानं भरलेल्या बुटांनी धावत आल्या. "काय बोर्ड? काय म्हणते?"

"उलटी जातेय," मी म्हणालो. 

"जाणारच. उन्हाळ्यात मी तुमची वीज घेऊन या ओढ्याचं पाणी वर चढवलं. आता तेच पाणी खाली उतरताना तुमची वीज परत करतंय. रिकामी वाटी द्यायची पद्धत आमच्या घरात नाही."

मी त्यांना सांगितलं, की बाई, बोर्डात वीज विकण्याचे नियम आहेत, परत घेण्याचा एकही नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "नियम नाही म्हणजे मनाई नाही. मनाई करायलासुद्धा आधी कुणाला तरी सुचावं लागतं."

सुचण्याची वेळ फार लवकर आली. नव्या मीटरचे आकडे शून्याच्या जवळच होते. मोटर थोडी चालली होती, पुढं पाऊस लागला आणि आकडे उलटे येता येता शून्याच्याही मागं गेले. शून्याच्या मागं मीटरवर काय येतं? ओळीनं नऊ. मीटर वाचणाऱ्यानं इमानदारीत नऊ-नऊ-नऊ लिहून आणले. बिलाच्या कारकुनानं त्याहून इमानदारीत विचार केला, की मीटर मागं जाणं शक्यच नाही, म्हणजे बाईंनी सगळे आकडे पुरे करत आणलेत. मावळातल्या एखाद्या कारखान्याला शोभेल एवढ्या विजेचं बिल वलवणच्या कौलारू घरात येऊन पडलं.

दुसरा कुणी असता तर हंबरडा फोडला असता. बाई इरलं घालून कचेरीत आल्या, थेट मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी. आमचे उपअभियंता साहेब सज्जन माणूस, पण पुण्याच्या कचेरीला इतके घाबरायचे, की घड्याळ मागं पडलं तरी पुण्याला विचारून पुढं करतील. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला एवढी मोठी गिऱ्हाईक समजलात, बरं वाटलं. पण हे खरं नाही. माझंच तुमच्याकडं काही निघत असेल. तेही मला नको. फक्त माझं चाक तुमच्या तारेला जोडलेलं राहू द्या."

साहेबांना आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तुम्ही आमच्या लाइनवर वीज सोडता?"

"सोडत नाही. परत करते."

साहेब पुन्हा बसले. आधी म्हणाले, असा नियम नाही. मग म्हणाले, पुण्याला विचारावं लागेल. या दोन्हींना बाईंनी शाळेतल्या थाटात उत्तरं दिली. मला तर वाटायला लागलं, आता साहेबांना अंगठे धरून उभं करतात की काय. मग साहेब जे बोलले ते मात्र खरं होतं, आणि ते मी त्यांच्या बाजूनं इथं नीट सांगतो. ते म्हणाले, "बाई, वादळात लाइन तुटते. आम्ही वीज बंद करतो आणि लाइनमन खांबावर चढतो. त्याला वाटतं, तार मेलेली आहे. आणि तुमचं चाक मागून त्या तारेत वीज ढकलत असलं तर?"

बाई दाराकडं वळल्या. 

कचेरीच्या दारात आमचा लाइनमन धोंडिबा उभा होता. भुशीकडचा, बदली न होणारा, म्हणून बाई त्याला नावानं हाक मारत. काटक, चार पोरांचा बाप, खांबावर असा चढायचा की मांजरानं शिकून घ्यावं. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "धोंडिबा, तुला काय वाटतं?"

"मला इचारू नका बाई," तो म्हणाला. "माजा सोबती कार्ल्याला असाच चढलता. लगीनघरवाल्यानं मांडवात इंजिन लावून तार तशीच जोडलेली. वरनं फेकला गेला त्यो. वाचला, पर पाय अदू झाला. आता च्याची टपरी चालवतो."

बाई घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी पट्टा उतरवून ठेवला. जेवणं झाली. मग म्हणाल्या, "बोर्ड, लग्नाच्या मांडवातलं इंजिन स्वतःच्या जिवावर वीज करतं. माझी मोटर तुमच्या विजेच्या आधाराशिवाय वीज करूच शकत नाही. तुमची गेली की तिचीही गेली. बरोबर ना?" मी म्हणालो, पुस्तकात तसंच आहे. "मग पुस्तकातून ते अंगणात काढू," बाई म्हणाल्या.

साहेब प्रयोग बघायला यायला तयार झाले, ते मला वाटतं बाईंचा पिच्छा सुटावा म्हणून. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली होती. येताना त्यांनी एक हुशारी केली. म्हणाले, "हे बघा, पुण्याचं पुण्याला. पण धोंडिबा खुशीनं खांबावर चढत असेल, तर मी इथं आलो नव्हतो आणि काही पाहिलं नाही."

आषाढातला दिवस होता, पाऊस जरा उघडलेला. पट्टा पुन्हा चढवलेला, चाक जोरात चाललं होतं. धोंडिबानं रस्त्यावरच्या खांबावरची, बाईंच्या घराकडं येणारी जोड लांब काठीनं खालूनच काढली. तत्क्षणी ओसरीवरचा दिवा गेला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखी मोटर मोठ्यानं घोंघावू लागली, पण दिवा काही लागला नाही. मी तपासणीचा दिवा तारांना लावून पाहिला. तोही पेटला नाही. साहेब म्हणाले, "दिवा खराब असेल."

तेव्हा बाई पुढं झाल्या. मी आडवा गेलो. "बोर्ड, बाजूला व्हा, तुमची पेन्शन अजून व्हायचीय," म्हणाल्या आणि त्यांनी उघड्या तारांना हात लावला. उलटा हात, बोटांच्या पाठीनं. झटका बसलाच तर मूठ मागं यावी म्हणून. हा वेडेपणा वाचून कुणी करायला जाऊ नये, हे मी बोर्डाचा माणूस म्हणून बजावतो.  बाईंचा हात स्थिर होता, भाकरीचं पीठ चाचपावं तसा.

"मुंगीसुद्धा चावली नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी धोंडिबाकडं बघितलं. धोंडिबा म्हणाला, "तुमी म्हंताय तर चढायचं. नोकरीच हाये." आणि चढला. वर गेला, बाईंच्या घराकडून आलेल्या सुट्या तारेशी हात नेला, मागं घेतला, पुन्हा नेला. धरली. काही झालं नाही. "काय न्हाई सायेब," वरूनच ओरडला. उतरला तेव्हा साहेब हसत होते, मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. साहेब म्हणाले, "बाई, जिंकलात तुम्ही. चालू ठेवा. मी काही पाहिलेलं नाही."

बाईंनी चहा केला, सगळ्यांना दिला. सगळे गेल्यावर त्या मागं गेल्या आणि पट्टा पुन्हा उतरवून खुंटीला टांगला.

मी विचारलं, "हे काय? आता तर परवानगी मिळाली."

"धोंडिबाचे हात बघितलेत?" बाई म्हणाल्या. "लटलट कापत होते. वर्गात एखाद्या मुलीनं भीतीनं बरोबर उत्तर दिलं, तर मी तिला शाबासकी देत नसे. तिला कळलेलं नसतं, माझी छडी दिसत असते. आज त्याला मी दिसले, साहेब दिसले. वीज नाही हे नाही दिसलं."

मला त्यांचा राग आला. एवढं जिवावर उदार होऊन मिळवलेलं आणि हात कापले म्हणून सोडून द्यायचं? त्या पावसाळ्यात चाक पुन्हा फिरलं नाही. ओढा नुसताच खळखळत जायचा आणि बाई त्याच्याकडं पाठ करून बसायच्या. पण आता वाटतं, आम्हा शिकलेल्या लोकांत खांबावरचा माणूस ज्यांनी खरा पाहिला त्या एकट्या बाईच. मी आणि साहेब तारच बघत होतो.

पाऊस सरल्यावर बाईंनी मला कामाला लावलं. कुंपणाबाहेर, रस्त्यावरच्या खांबाला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक लोखंडी पेटी बसवायची. पेटीत एक मोठा दांड्याचा स्विच. दांडा खाली ओढला की चाकाची वीज आणि बोर्डाची तार यांत वीतभर मोकळी हवा. पेटीला पुढून काच, म्हणजे ती हवा डोळ्यांना दिसावी. आणि दांडा खाली असताना त्याला कुलूप घालता यावं. "शब्दावर विश्वास ठेवायला सांगू नये कुणाला," बाई म्हणायच्या. "दाखवावं."

खंडेनवमीला आमच्या कचेरीत हत्यारांची पूजा असे. पक्कडी, पाने, कमरपट्टे, शिड्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. बाई आल्या, पिशवीतून ते कुलूप आणि किल्ली काढून त्या हत्यारांत ठेवली आणि पूजा झाल्यावर किल्ली धोंडिबाच्या हातात दिली.

"दुसरी कुटं हाये?" धोंडिबानं विचारलं.

"ओढ्यात टाकली."

धोंडिबानं किल्ली उलटसुलट बघितली, करगोट्याला बांधली आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. 

पुढचा पावसाळा आला. ओढा पुन्हा भरला. चाकाला तेलपाणी झालं, आणि पट्टा खुंटीवरच. मी म्हणालो, बाई, किल्ली दिलीत ना, आता काय राहिलं? "मी दिलीय. त्यानं अजून घेतलेली नाही," एवढंच उत्तर. रस्त्यानं जाताना धोंडिबा कुंपणाशी थबकायचा, काचेतून आत बघायचा आणि निघून जायचा. त्या भागात कुठंही चढायचं असलं, की आधी येऊन दांडा खाली ओढायचा, कुलूप घालायचा. चाक बंद असतानासुद्धा. काम झालं की परत येऊन उघडायचा. मला हसू यायचं. बाई मला हसू द्यायच्या नाहीत. "पाठ करतोय तो," त्या म्हणायच्या, "मध्ये बोलू नका."

श्रावणात एके दिवशी जांभळाची फांदी मोडून तारेवर पडली आणि सगळं वलवण बंद पडलं. धोंडिबा आला, बरोबर मी होतोच. त्यानं दांडा ओढला, कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली, आणि खांबावर चढायच्या आधी कुंपणावरून हाक मारली, "बाई, पट्टा चडवा की."

बाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. "आत्ता? तू वर जाताना?"

"तवाच तर. मी वर असताना चाक फिरलं पायजे. न्हाईतर मला कसं उमगायचं?"

बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "धोंडिबा, काम करून ये. मग लावू."

"न्हाई. आत्ता लावा."

बाई मागं गेल्या, मी त्यांच्याबरोबर. पट्टा खुंटीवरून काढला आणि चाकीवर चढवायला गेल्या, तर तो घसरला. पुन्हा चढवला, पुन्हा घसरला. उघड्या तारेला सहज हात लावणाऱ्या बाईंच्या हातांना पट्टा धरवत नव्हता. मी पुढं झालो तर त्यांनी मला कोपरानं ढकललं. शेवटी बसला. त्यांनी फळी उचलली. चाक फिरू लागलं, मोटर घोंघावू लागली. बाई तिथून हलेनात. फळीवर हात ठेवून, मान उंच करून खांबावरच्या धोंडिबाकडं बघत राहिल्या. पाऊस पडत होता, आणि इरलं घ्यायचं त्या विसरल्या होत्या.

धोंडिबानं फांदी कापून खाली टाकली, तार ओढून बांधली. मध्येच वरून ओरडला, "फिरतंय नव्हं?"

"फिरतंय," मीच ओरडलो. 

काम संपवून तो उतरला. मी वलवणच्या लाइनवर वीज सोडायला सांगून आलो, तोवर त्यानं कुलूप उघडलं होतं. स्वतःच्या हातानं दांडा वर केला. मोटरीचा आवाज खाली आला, ओझं खांद्यावर घेतल्यासारखा. मी मीटर बघितला. चकती उलटी चालली होती. पुण्याहून परवानगी कधी आली नाही, माझ्या बदलीपर्यंत नाही आणि नंतरही नाही. पण त्या दिवशी बोर्डाच्या माणसानं बोर्डाच्या खांबावर बाईंची वीज रीतसर घेतली होती, आणि याहून मोठी परवानगी मला माहीत नाही.

बाई चिंब भिजून अंगणात आल्या. "धोंडिबा," म्हणाल्या, "भीती नाही ना वाटली?"

"वाटली की," तो म्हणाला. "पर किल्ली माज्याकडं हुती. तुमचं हात लय कापत हुतं बाई. वरनं समदं दिसतं."

बाई पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, "बोर्ड, बघत काय उभे राहिलात? आज त्याच्यासाठी पुरण घालायचंय. डाळ काढा."